घरातला हितसंबंध

"मी इंदोरला जातो," महांतेश म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीत बुडवला. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघावं तितक्या सहज म्हणाला.

"इंदोरला? कशाला?"

"पोटाच्या औषधांचा विभाग आहे तिथं. गॅस, ॲसिडिटी, बद्धकोष्ठ. तुझ्या विषयाशी काडीचा संबंध नाही. बढतीपण आहे. साहेब म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग."

"आणि मी?"

"तू इथं पीएचडी कर की निवांत. माझ्यापायी तुला कुणी नावं ठेवायला नकोत."

मी ताटावरून उठले नाही, कारण भाकरी गरम होती आणि राग आला तरी मला भूक लागतेच.

आमची भानगड अशी होती. मी मिरजेत मानसोपचारतज्ज्ञ. महांतेश औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे आमच्या भाषेत एमआर. बॅग खांद्याला लावून दवाखान्यादवाखान्यांतून डॉक्टरांना भेटायचं आणि आपल्या कंपनीच्या गोळ्यांचं कौतुक करायचं, हे त्याचं काम. त्यातही जगातली सगळी औषधं सोडून त्याच्या वाट्याला आली होती ती मनाची. मी पीएचडीला विषय घेतला होता मानसोपचारातल्या हितसंबंधांच्या संघर्षाचा. सोप्या भाषेत सांगायचं तर औषध कंपन्या मानसोपचारतज्ज्ञांना काय काय देतात आणि त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय फरक पडतो. थोडक्यात, माझा विषय रोज माझ्यासमोर बसून भाकरी खात होता.

घर तर बघायलाच नको. भिंतीवरच्या घड्याळावर 'उल्हासिन', चहाच्या मगांवर 'उल्हासिन', पंच्यावर 'उल्हासिन'. ही महांतेशच्या कंपनीची उदासीनतेवरची गोळी. पाहुणे हसायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

विद्यापीठाच्या समितीनं मला दोनदा परत पाठवलं होतं. महांतेशमुळं नव्हे, त्याच्याबद्दल त्यांना ठाऊकच नव्हतं. समितीच्या अध्यक्ष अभ्यंकर मॅडम संख्याशास्त्राच्या. दोन्ही वेळी त्यांनी चष्म्यावरून पाहत एकच विचारलं होतं, "तुमची संशोधनाची तात्त्विक भूमिका कोणती?" पहिल्यांदा मी म्हणाले, "डॉक्टरी." दुसऱ्यांदा म्हणाले, "सगळ्याच चांगल्या आहेत." तिसरी खेप त्याच सोमवारी होती आणि ती शेवटची होती. तेव्हाही नापसंत झाले तर नोंदणी रद्द. आणि यावेळी मी कोणतीही भूमिका सांगितली, तरी मॅडम खोदून विचारत जातील आणि शेवटी नवऱ्यापाशी येऊन थांबतील, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी मुजावर सरांच्या घरी गेले. ते माझे मार्गदर्शक, समाजशास्त्राचे. बायकोच्या लोणच्यासाठी ते व्हरांड्यात लसूण सोलत बसले होते. त्यांच्याकडं तत्त्वज्ञान शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी लसूण सोलावा लागे. मीही एक गड्डा उचलला.

"सर, तुम्हीच सांगा ना, कोणती भूमिका घेऊ?"

"मी सांगितली तर ती माझी झाली." त्यांनी तीन पाकळ्या माझ्यापुढं ठेवल्या. "तीन घरं आहेत असं समज. पहिल्या घरातली माणसं म्हणतात, सत्य बाहेर आहे, तू काचेपलीकडं उभी राहून ते मोज. दुसऱ्या घरात म्हणतात, मोजतेस काय, माणसं आपल्या वागण्याला काय अर्थ देतात ते त्यांच्यात बसून समजून घे. तिसऱ्या घरातले म्हणतात, सत्य आहे बुवा, पण ते तुला तुझ्याच खिडकीतून दिसणार. तेव्हा आधी खिडकी कुठली ते सांग, मग काय दिसलं ते सांग. आता तू कुठं राहायला जाणार?"

"समितीला आवडेल त्या घरात."

"समिती काही तुझ्यासोबत नांदणार नाही."

"मग पहिल्या. काचेच्या. आकडे असले की कुणी विचारत नाही, मोजणारी कोण होती."

"आणि महांतेश?"

"तो इंदोरला जातो म्हणतोय."

सरांनी सुरी खाली ठेवली. "कुठल्या ग्रंथात लिहिलंय गं, की सत्यासाठी नवरा इंदोरला पाठवावा?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. ते म्हणाले, लसणानं होतं असं. तसा लसूण काही कांदा नव्हे, पण त्यांनी तेवढी सोय करून दिली.

"एक कर," ते म्हणाले. "तुझी ती काच एकदा वापरून बघ. आपल्या गावातल्या दहाबारा मानसोपचारवाल्यांना बोलव, तुझे प्रश्न दे, मोज. मग सोमवारी काय बोलायचं ते तुझं तू ठरव."

रविवारी सकाळी मी वाचनालयाचा वरचा हॉल घेतला. एरवी आमच्या लोकांची सभा म्हटली की हॉटेल, पडद्यावर गोळीची जाहिरात आणि कंपनीच्या पैशानं पनीर. मी ठरवलं होतं, इथं कंपनीचा वाराही लागू द्यायचा नाही. हॉलचं भाडं माझं, चहा माझा, भडंगही मी स्वतः जयसिंगपूरहून आणलेलं. प्रश्नावलीवर नाव लिहायचं नाही. महांतेशला सांगून टाकलं होतं, "आज तू वाचनालयाच्या रस्त्यानंसुद्धा जायचं नाही."

"बरं की. मी आईकडं जातो, तिच्या हातच्या कर्दंटाच्या वड्या खातो," तो म्हणाला.

डॉ. खोत सर सगळ्यांना घेऊन आले. सांगली-मिरजेतले ते सर्वांत ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञ. निम्मे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी, मीही. सत्तरी उलटली होती, पण आवाज तालमीतला. "पोरी, परीक्षा घेतेस होय आमची? घे. कॉपी करायची सोय ठेवलीस की नाही?"

मी गंभीरपणे कागद आणि पेनं वाटली. प्रश्न बरेच होते, पण खरे दोनच. भेटवस्तू, जेवणं, सहली यांचा तुमच्या औषधं लिहिण्यावर परिणाम होतो का? तुमच्या सहकाऱ्यांच्या लिहिण्यावर होतो का? सगळे मान खाली घालून लिहायला लागले. भडंग कुरकुरत होतं. मला अगदी शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटत होतं.

कागद गोळा केले, तिथंच मोजले. खोत सर मागंच लागले, "निकाल सांग की, घरी नेऊन काय लोणचं घालणार आहेस?"

मी सांगितला. माझ्यावर परिणाम होत नाही, असं एकूण एक जणानं लिहिलं होतं. सहकाऱ्यांवर होतो, असंही जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं.

मग खोत सर सावकाश म्हणाले, "म्हणजे इथं बसलेत ते सगळे धुतल्या तांदळासारखे. आणि बिघडलेत ते सहकारी आज नेमके आलेच नाहीत?"

एकच हशा पिकला. मीही हसले. तेवढ्यात सरांनी हातातलं पेन वर धरलं.

"ते राहू दे. मला एवढं सांग पोरी, तुझ्या या निःपक्षपाती संशोधनाला उल्हासिन किती देते?"

मी पाहिलं. जांभळं पेन, त्यावर सोनेरी अक्षरांत 'उल्हासिन'. माझ्या हातातलंही तेच. सगळ्यांच्या हातात तेच. सकाळी निघताना मी कपाटाच्या खणातून पेनांचं अख्खं खोकं उचलून पिशवीत टाकलं होतं. आमच्या घरात पेन म्हणजे तेच असायचं. त्यावर काही लिहिलेलं असतं हेच मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते. पनीर नाकारलं, हॉल बदलला, नवऱ्याला कर्दंट खायला पाठवलं, आणि औषध कंपनीची भेट स्वतःच्या हातानं घरोघर वाटावी तशी वाटली. तीही भेटवस्तूंवरची प्रश्नावली भरायला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण कुणी रागावलेलं नव्हतं. खोत सर हसता हसता खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. कुणाला तरी चहाचा ठसका लागला. "अहो, आम्हालापण कुठं दिसलं! तास झाला लिहितोय!" एक जण ओरडला, आणि पुन्हा सगळे सुरू.

मग गंमतच झाली. हसून हसून दमल्यावर खोत सर डोळे पुसत म्हणाले, "आता खरं सांगू? मला एका कंपनीनं सपत्निक गोव्याला नेलं होतं. आल्यावर वर्षभर मी त्यांची गोळी लिहीत होतो. गोळी वाईट नव्हती हं. पेशंट बरे झाले. पण दुसरी तेवढीच चांगली आणि निम्म्या किमतीत होती. ती मला आठवायचीच नाही. आठवायचा तो समुद्र." ते थांबले. "आत्ता कागदावर मात्र मी 'नाही' लिहिलंय. आणि लिहिताना खोटं बोलतोय असं अजिबात वाटलं नाही."

एकेक जण बोलायला लागला. काचेपलीकडं उभं राहून मला जे मिळालं नव्हतं, ते भडंगाच्या परातीभोवती आपोआप गोळा व्हायला लागलं. मी पेन, कागद सगळं बाजूला ठेवून त्यांच्यात जाऊन बसले.

जयसिंगपूरच्या कोरे मॅडम सगळ्यांत शेवटी बोलल्या. "सुनेत्रा, राग मानू नकोस. मी दिवसभर लोकांचं ऐकते. रडं ऐकते, भांडणं ऐकते. घरी गेले की घरच्यांचं ऐकते. 'मॅडम, जेवलात का?' असं मला अख्ख्या दिवसात एकच माणूस विचारतो. तुझा नवरा. पेनाबिनाचं सोड गं. मी उल्हासिन लिहिते ती गोळी चांगली म्हणून, की त्या प्रश्नासाठी, ते मला खरंच माहीत नाही."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

कारण मलाही त्यानं तेच विचारलं होतं. मी सरकारी दवाखान्यात शिकत होते तेव्हाची गोष्ट. ओपीडी संपता संपेना, दुपार टळून गेलेली, आणि दाराशी बॅग घेऊन ताटकळत उभा असलेला हा मुलगा. मी वैतागून म्हणाले, "बोला, कुठली गोळी?" तर म्हणाला, "गोळीचं राहू दे डॉक्टर. जेवलात का?" मी तिथंच रडायला लागले होते. त्यानं आपला डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

दुपारी घरी आले तर महांतेश वाट बघत होता. पेनांचं ऐकून त्यानं आधी कपाळाला हात लावला आणि मग मोठ्यांदा हसला. "कंपनीला सांगितलं तर मला बक्षीस देतील," म्हणाला. कोरे मॅडमांचं सांगितल्यावर मात्र हसू आवरून समोर येऊन बसला.

"एक विचारू?" मी म्हणाले. "'जेवलात का' हे कंपनी शिकवते का रे?"

त्यानं खरोखर विचार केला. त्याच्या या सवयीवर माझं फार प्रेम आहे.

"ट्रेनिंगमध्ये 'गुड आफ्टरनून' शिकवतात. हे आईचं आहे. आमच्या दारात पोस्टमन आला तरी आई आधी तेच विचारायची." मग जरा थांबून म्हणाला, "पण त्याचा धंद्याला उपयोग होतो, हे मला माहीत आहे. खोटं कशाला बोलू?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. मला जे वर्षभर पुस्तकांत सापडत नव्हतं ते हा माणूस पंच्यानं तोंड पुसत सांगून मोकळा झाला होता. जिव्हाळा खरा, आणि त्याचा उपयोगही खरा. दोन्ही एकाच वाक्यात.

"इंदोरला नाही म्हणून सांग," मी म्हणाले.

"आणि समितीनं तुला घालवलं तर? 'तू गेला असतास तर माझी पीएचडी झाली असती' हे मी जन्मभर ऐकायचं होय? आधी उद्या काय होतंय ते बघ. साहेबांना संध्याकाळी सांगतो."

सोमवारी तोच मला गाडीतून विद्यापीठात घेऊन गेला. मी वर गेले, तो पार्किंगमध्ये थांबला. माझ्या आधीचे उमेदवार संपेनात. माझं नाव पुकारलं तेव्हा समितीचे चेहरे भुकेनं आणि कंटाळ्यानं सुकले होते. मुजावर सर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते.

"तर," अभ्यंकर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, "तात्त्विक भूमिका?"

"तिसऱ्या घरातली," मी बोलून गेले आणि जीभ चावली. "म्हणजे, सत्य आहे असं मी मानते. औषधाचा परिणाम खरा, किमतीतला फरक खरा, रुग्णाचं नुकसान खरं. पण ते मला माझ्या जागेवरूनच दिसणार. म्हणून आधी माझी जागा लिहून काढणार, मगच डॉक्टरांशी बोलणार."

"तुमची जागा म्हणजे? तुमचा स्वतःचा या विषयात काही हितसंबंध आहे?"

"आहे."

"कुठं?"

"खाली पार्किंगमध्ये. गाडीत बसलाय."

मग मी सगळं सांगितलं. इंदोर, लसूण, भडंग, जांभळी पेनं, गोव्याचा समुद्र, कोरे मॅडम, अर्धी भाकरी. तयार करून आणलेल्या स्लाइड्स दाखवायच्या राहूनच गेल्या.

"अहो, पण वस्तुनिष्ठतेचं काय?" अभ्यंकर मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "संशोधकानं अलिप्त असायला नको?"

"मॅडम, मी अगदी अलिप्त राहायचं ठरवलं होतं, त्याच दिवशी ती पेनं वाटली. मी बाहेर उभी आहे असं समजत होते म्हणून मला ती दिसली नाहीत. त्या डॉक्टरांनाही त्यांचं दिसत नाही, ते याचमुळं. ते लबाड नाहीत, ते राहतातच तिथं. मीपण तिथलीच आहे. नवऱ्याला इंदोरला पाठवून मी काही परकी होणार नाही. फक्त एकटी होईन."

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते बोलताना आवाज कापला आणि मी तो कापू दिला.

मॅडमनी माझा अर्ज पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "ते तुमचे हितसंबंध. त्यांना वर बोलवा. प्रबंधात त्यांच्याबद्दल लिहिलेलं चालेल का, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मी फोन केला. थोड्या वेळानं दारावर हलकी टकटक झाली. महांतेश सवयीनं बॅग खांद्याला लावूनच आला होता. दवाखान्यात उभा राहतो तसा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"या आत," मॅडम म्हणाल्या.

तो आत आला. टेबलावरचे पाण्याचे रिकामे ग्लास त्याला दिसले, भिंतीवरचं घड्याळ दिसलं, मॅडमचा चेहरा दिसला. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी आली.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. "दोन वाजून गेले की. जेवलात का?"

"नाही हो," अभ्यंकर मॅडम एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून नुसता चहा—"

आणि थांबल्या.

मुजावर सरांनी तोंडाला रुमाल लावला. मॅडमनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि दोन खेपांत जी बाई मी एकदाही हसताना पाहिली नव्हती, ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला. मग सगळी समिती. महांतेश बिचारा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तुम्ही इंदोरला जाऊ नका," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पण अटी ऐका. यांना कोणता डॉक्टर काय बोलला, ते तुम्ही कधी विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"आणि डॉक्टर, तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तुमच्या घरावर. घड्याळ, चहाचे मग, पंचा, नवरा, सगळं. प्रत्येक मुलाखत आणखी एका संशोधकानं वाचायची, तुम्हाला न दिसलेली पेनं त्याला दिसायला हवीत." त्या चिटणिसांकडं वळल्या. "इतिवृत्तात घ्या. उमेदवाराची तात्त्विक भूमिका समितीला मान्य. चर्चेच्या ओघात अध्यक्षांवरही परिणाम झाला."

महांतेशला अजून नीट काही उमगलं नव्हतं, पण भुकेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बॅग उघडून डबा काढला. शेंगापोळ्या होत्या, आईनं दिलेल्या. समितीनं एकमेकांकडं पाहिलं, मग डब्याकडं, मग मॅडमकडं.

मॅडमनी डबा हातानं थोडा मागं सारला, पर्समधून स्वतःचं पेन काढलं, उलटसुलट करून त्यावर काही छापलेलं नाही याची खात्री केली, आणि माझ्या अर्जावर सही केली. मग डबा पुढं ओढला.

"आधी सही, मग पोळी," त्या चिटणिसांना म्हणाल्या. "हा क्रमसुद्धा लिहा."

बाहेर व्हरांड्यात महांतेश फोनवर बोलत होता. "साहेब, इंदोरचं जमणार नाही. हो, विचार करूनच सांगतोय." मग आतल्या हशाकडं मान वळवून म्हणाला, "बायकोच्या पहिल्या प्रकरणात मी आहे, साहेब. मला इथंच राहायला लागतंय."